एका गाडीने पुढे ढकललेला मंगळ

नांदुऱ्यात आमच्या लहानपणी माणसाची जन्मवेळ घड्याळात नसे, रेल्वेच्या वेळापत्रकात असे. घड्याळ होतं ते स्टेशनमास्तरांच्या भिंतीवर आणि दोन-चार अडत्यांच्या मनगटावर. बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत सुईणीला ऐकू यायची ती फक्त शिट्टी. मग नामकरणाच्या दिवशी जोशीबुवा पाटावर बसले की ती सांगे, पोट्टा मेल गेल्यावर झाला, नाहीतर पोरगी पॅसेंजरच्या आंधी झाली, नाहीतर मालगाडी सायडिंगले लागली व्हती. जोशीबुवा डोळे मिटून ओठ हलवत आणि त्या शिट्टीवरून माणसाचा जन्मभराचा हिशेब मांडत. त्या दिवशी गाडी वेळेवर होती का, हे कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. आमच्या गावात निम्म्या लोकांचे ग्रह रेल्वेच्या मर्जीने बसले होते आणि उरलेल्यांचे जोशीबुवांच्या. तरी सगळे त्या ग्रहांना भिऊन असत. भिण्यात आमचं गाव कधी मागे पडलं नाही.

आमचं घर जिनाच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, मागच्या गल्लीत होतं. कापसाच्या हंगामात सरकी निघू लागली की हवेत तूस उडे आणि ते दह्यावर, पापडांवर, वडिलांच्या टोपीवर, सगळीकडे बसे. आई ताटं वाढायच्या आधी प्रत्येक वाटीवर फुंकर मारी. पाहुण्यांना ती फुंकर अपमानाची वाटे, म्हणून पाहुणे आले की आम्ही तूस गिळत असू. बाबा जिनात कारकून. घरात ते आमच्यावर अस्सल वऱ्हाडीत ओरडत, पण दारात कोणी बरा माणूस उभा राहिला की त्यांची जीभ एकदम पुण्याला जाई. 'आपण बसावं, आपण पाणी घ्यावं' असं ते म्हणू लागले की माझी थोरली बहीण शालूताई पदर तोंडात धरून आत पळे. एकदा त्या शुद्ध बोलण्याच्या मध्येच त्यांच्या पायाला विंचू डसला आणि त्यांनी जे वऱ्हाडी काढलं ते ऐकून पाहुणा चहा न घेताच गेला.

मी त्या वेळी अकोल्याहून बी.एस्सी. होऊन आलो होतो. डिग्री हातात यायची होती, डोक्यात मात्र आधीच शिरली होती. 'मले', 'तुले' मी सोडून दिलं होतं. आईने जेवायला हाक मारली तरी मी पुस्तकी मराठीत उत्तर देई. बाबांच्या पुणेरीला मी हसत असे आणि माझी पुणेरी मला विद्वत्ता वाटे. आमच्या घरातली दोन सर्वांत हास्यास्पद माणसं एकाच आरशात दाढी करत होती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिचं लग्न जमत नव्हतं, कारण तिच्या पत्रिकेत सप्तमात मंगळ होता. ती पहाटेच्या पॅसेंजरला झाली होती आणि त्या वेळचा मंगळ म्हणे नवऱ्याच्या जिवावर उठतो. दोन स्थळं त्यावरून गेली. तिसरं आलं ते वडनेर भोलजीचं. मुलगा वसंता, शेतकीचं शिक्षण घेतलेला, घरची भरपूर जमीन. वडील वारलेले, कारभार काकांच्या हातात. हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही, असं बाबांनी ठरवलं आणि जोशीबुवांकडे जाऊन आले. त्यानंतर आमच्या घरात एक गोष्ट कोणी मोठ्याने न बोलता सगळ्यांना कळली: शालूताई आता पहाटेच्या पॅसेंजरला झालेली नव्हती, दिवस वर आल्यावरच्या मेलला झालेली होती. बाबांनी तिचा जन्म एका गाडीने पुढे ढकलला होता. तेवढ्याने पत्रिकेतलं लग्न, म्हणजे जन्मवेळेची उगवती रास, बदललं आणि मंगळ सातव्या घरातून उठून सहाव्यात जाऊन बसला. तिथे तो म्हणे गरीब गाय. आईने सुईणीला एक लुगडं दिलं. असं करणारे आम्ही पहिले नव्हतो. गावात अशा कित्येक मुली मेलला जन्मल्या होत्या.

ताईने वसंताला एकदा पाहिलं होतं, मलकापूरला आमच्या मावसबहिणीच्या लग्नात. पंगतीत पाणी वाढायला कोणी मिळत नव्हतं, तेव्हा हा ताटावरून उठला आणि स्वतःच पाण्याचा जग घेऊन फिरू लागला, असं तिने मला सांगितलं होतं. नवऱ्या मुलाकडचा माणूस पाणी वाढतो, हे तिला फार मोठं वाटलं होतं. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, आदल्या दिवशी ती अंगणात डाळ पाखडत होती. मी जवळून गेलो तर सूप खाली ठेवून म्हणाली, "मधू, उद्या पाहुने येतीन. तुह्या पुस्तकातलं काई काढू नको बाप्पा. तुह्यावालं खरं असन, पन उद्या नाई."

मी तिला काही वचन दिलं नाही. नुसता हसलो. विद्वान माणसाने हसावं तसा.

पाहुणे दोन बैलगाड्या करून आले. काका म्हणजे एक ऐवज होता. पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला उभं गंध आणि पोट असं की माणूस पोटाच्या मागून चालत येतो आहे असं वाटे. पुरणपोळी, पाटवड्यांचा रस्सा, कढी, भजी असा बेत होता. आमच्याकडे तुपाची धार थांबवायला पाहुण्याने हात आडवा धरायचा असतो. काकांनी हात मांडीवरून हलवला नाही. आई वाकून धार सोडत राहिली आणि तिचा चेहरा त्या धारेबरोबर पातळ होत गेला. खाताना काका बोलत, आणि बोलत फक्त आपल्याविषयी. आपली जमीन, आपले बैल, आपली विहीर. विहिरीवर तर ते फारच वेळ थांबले. भर जेठात तिचं पाणी हटत नाही, असं म्हणून त्यांनी ढेकर दिला आणि वर जोडलं, "आमच्या हिरीचं पानी साऱ्या दुनियेले पुरन."

बाबा म्हणाले, "प्रश्नच नाही, प्रश्नच नाही."

साक्षगंधाला गोरजाचा मुहूर्त होता. तोपर्यंत पाहुणे ओट्यावर पान खात बसले. शेजारी सुताराचं अंगण. तिथे लोखंडी धाव बसवायला आलेलं एक गाडीचं चाक भिंतीला टेकवून ठेवलं होतं, छातीएवढं उंच. ते चाक, तो ढेकर आणि बाबांचं ते 'प्रश्नच नाही' यांची माझ्या डोक्यात कुठेतरी गाठ पडली. मी उठलो, चाक घरंगळवत आमच्या ओट्यासमोर आणलं आणि काकांना विचारलं, "ही जर सगळी पृथ्वी धरली, या चाकाएवढा मोठा गोळा, तर जगातलं सगळं पाणी गोळा करून केवढं होईल?"

काका म्हणाले, तीन भाग पाणी आणि एक भाग जमीन, हे चौथीतलं पोरगंही सांगन. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी आतून पाण्याने भरलेला मोठा तांब्या आणि एक लिंबू आणलं, आणि तांब्या चाकाशेजारी ठेवला. म्हणालो, एवढं. सगळे समुद्र, ध्रुवावरचं सगळं बर्फ, आकाशातले ढग, सगळं धरून एवढंच. समुद्र पसरलेला दिसतो मोठा, पण पृथ्वीच्या मानाने तो ओल्या फडक्याने पुसलेल्या फरशीसारखा पातळ आहे. आणि यातलं बहुतेक खारं. गोडं पाणी, जमिनीखालचं धरून, या लिंबाएवढं. राहिल्या जगातल्या साऱ्या नद्या, सारी तळी. त्यासाठी मी आईच्या डब्यातून तुरीचा एक दाणा आणला होता. तो काकांच्या तळहातावर ठेवला आणि म्हणालो, "गंगा यातच आहे. तुमची विहीरही यातच कुठेतरी असेल. सापडली तर सांगा."

गल्लीतली माणसं हसली. काकांनी दाणा पाहिला, मुठीत धरला, पुन्हा पाहिला. त्यांना तो टाकताही येईना आणि ठेवताही. वसंता मात्र ओट्यावरून उतरून चाकापाशी उकिडवा बसला होता. तो हसत नव्हता. तांब्याकडे पाहत तो हळू म्हणाला, "बस, इतकंच?" एवढ्या सगळ्या माणसांत ती एकच प्रतिक्रिया माणसाची होती. मी तिथेच थांबायला हवं होतं.

पण श्रोते मिळाले की मी थांबत नाही. तेव्हाही नाही आणि आजही नाही. मी म्हटलं, आता हेच चाक सूर्य समजा. मग आपली पृथ्वी केवढी? वसंताच्या खिशात बोरं होती. त्यातलं एक गावरान बोर घेऊन आम्ही दोघं निघालो, मागे गल्लीतली पोरं आणि हौशी पाहुणे. दीडशे पावलं चालून गेल्यावर लोहाराच्या दारात दगडावर ते बोर ठेवलं. पृथ्वी इथे. वसंताने मागे वळून चाक पाहिलं. आणखी पुढे, पिठाच्या गिरणीपाशी, मंगळ ठेवला. तो पुन्हा तुरीचाच दाणा. गुरू म्हणजे सोललेल्या नारळाएवढा, पार स्टेशनच्या पलीकडे. शनी सिग्नलच्याही पुढे, आणि शेवटचे ग्रह वडनेरच्या वाटेवर. वसंता लहान मुलासारखा विचारत होता. मग असंच दुसरं चाक कुठं, दुसरी चांदणी? मी म्हटलं, सर्वांत जवळची चांदणी गाठायची तर इथून सरळ निघायचं, साऱ्या पृथ्वीला वळसा घालायचा आणि उलट्या बाजूने नांदुऱ्यात परत यायचं. तितकं लांब. मधे काही नाही. तो रुळांपाशी चालता चालता थांबला. मग म्हणाला, "मधुकरराव, इतक्या मोकळ्यात आपन काऊन भांडून राह्यलो?"

आता माझी नात हेच सगळं मोबाईलवर दाखवते. बोट सरकवलं की ग्रह पळतात. ते पाहून कोणी चालता चालता थांबत नाही.

आम्ही परत ओट्याशी आलो तेव्हा काकांनी स्वतःला सावरलं होतं. ते म्हणाले, ग्रह लहान असो का मोठा, त्याचं बळ वेगळं. विंचू लहानच असतो. त्यावर लोक आता काकांच्या बाजूने हसले आणि ते मला सहन झालं नाही. दाराच्या फटीतून ताई पाहत होती, ते मला दिसत होतं. तरी मी म्हणालो. सगळ्या गल्लीसमोर, स्वच्छ पुस्तकी मराठीत: "कसलं बळ? गिरणीपाशी ठेवलेला तुरीचा दाणा तो. आमच्या बाबांनी ताईचा जन्म पॅसेंजरवरून मेलवर नेला, तर तो बिचारा मंगळ मुकाट्याने उठून दुसऱ्या घरात गेला. एवढंच त्याचं बळ."

कोणी हसलं नाही. काकांनी पान थुंकलं. बाबांकडे वळून त्यांनी शांतपणे विचारलं, पोरगी पॅसेंजरची हाय का? बाबांची जीभ पुण्याला गेली नाही, वऱ्हाडातही राहिली नाही, नुसती तोंडात हलली. काका म्हणाले, आम्ही इचार करून सांगतो. बैल जुंपले गेले. आईने ओटीचं सामान मांडलेलं ताट तसंच उचलून आत नेलं.

इथवरची गोष्ट माझ्या श्रोत्यांना ठाऊक आहे, म्हणजे थोडी निराळी करून. पुढे मी भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झालो आणि अंधश्रद्धेविरुद्ध भाषणं देत जिल्हाभर हिंडलो. बुलढाणा, चिखली, मेहकर, जिथे म्हणून चाक आणि तांब्या मिळेल तिथे मी हा प्रयोग केला आणि शेवटी सांगितलं की, एका तुरीच्या दाण्याला भिऊन त्या लोकांनी माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न मोडलं, पण मी सत्य सोडलं नाही. इथे टाळ्या पडत. हमखास पडत. त्या टाळ्यांवर मी अर्धं आयुष्य पोसलो. काकांसारखा मीही धार थांबवायला हात कधी आडवा धरला नाही. ही चार पानं लिहितो आहे ती त्या भाषणातलं शेवटचं वाक्य परत घेण्यासाठी. कारण लग्न त्या दिवशी मोडलंच नव्हतं.

चार-पाच दिवसांनी दुपारी वसंता एकटा सायकलवर आला. तो घरात आला नाही. मला बोलावून रेल्वे फाटकापाशी नेलं. ऊन होतं, तो घामाघूम झाला होता आणि सायकलची मूठ सोडत नव्हता. त्याने सांगितलं, दोन दिवस घरात भांडून पाहिलं, काका हटत नाहीत, माय रडते. शेवटी काकांनी एक वाट ठेवली आहे: पोरानं चिडून, मजाकीत काहीतरी म्हटलं असेल तर तसं त्याने येऊन सांगावं. म्हणजे त्यांचाही मान राहतो. "तुमी फक्त इतकं म्हना, का गाडीची गोष्ट मी गमतीनं केली. बाकी मी पाहून घेतो."

मी म्हटलं, "म्हणजे मी खोटं बोलू? मंगळासाठी?"

"मंगळासाठी नाई," तो म्हणाला. "मले कोठी मंगळ मान्य हाय? लगन झाल्यावर आपन दोघं वडनेरातबी चाक उभं करू. काकालेच धराले लावू."

मी त्याला भित्रा म्हणालो. तुम्हाला मंगळ मान्य नसेल तर काकांसमोर उभं राहून करा लग्न, असंही म्हणालो. त्यात तर्काची चूक नव्हती. तर्काची चूक माझी कधीच नसते. आई-बाबांनी लाच देऊन केलेल्या खोट्याच्या पुरणपोळ्या मी खाल्ल्या होत्या, तेव्हा माझं सत्य कुठे झोपलं होतं कोण जाणे. पण बहिणीसाठी एक वाक्य खोटं बोलायची वेळ आली तेव्हा ते खडबडून जागं झालं. आणि खरं सांगायचं तर सत्याचाही प्रश्न नव्हता. त्या ढेकर देणाऱ्या माणसापुढे जाऊन 'मी गंमत केली' म्हणायचं, मान खाली घालायची, हे मला जमणार नव्हतं. विश्व केवढं आहे आणि आपण केवढे, हे साऱ्या गल्लीला शिकवणारा मी. मला स्वतःचा तेवढासा अपमान गिळवला नाही.

वसंता रागावला नाही. सायकल वळवताना एवढंच म्हणाला की, सांजेपर्यंत मी घरीच हाय, काकाबी हाय, इचार करा. मी विचार केला नाही. दुपार कलल्यावर मीही सायकल काढली आणि स्टेशनवर गेलो. तिथे चहाच्या ठेल्यावर मित्रांना सगळा प्रसंग रंगवून सांगितला. घरी कोणाला काही बोललो नाही.

ताईला दोन वर्षांनी घाटावर सुलतानपूरकडे एका बिजवराला दिली. तो वाईट माणूस नव्हता, नुसता थकलेला होता. त्याची दोन मुलं तिने वाढवली. तिकडची बोली निराळी, बायका तिच्या 'मले-तुले'ला हसत, म्हणून ती तिथे कमी बोलू लागली आणि मग ती सवयच झाली. पत्रिका पाहूनच दिली होती, मेलची नव्हे, पॅसेंजरची. बिजवराला मंगळ चालतो, असं जोशीबुवांनी शोधून काढलं. नवरा गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली. माझ्या भाषणांना मी तिला मुद्दाम पुढच्या रांगेत बसवी. शेवटच्या वाक्याला मी तिच्याकडे हात करी आणि लोक वळून तिच्याकडे पाहत. ती पदर सारखा करी. घरी आल्यावर माझ्या बरोबरच्या मंडळींसाठी पोहे करी.

गेल्या वर्षी असाच एक सत्कार झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गुडघ्याला तेल लावत खाटेवर बसली होती. माझ्या गळ्यात अजून हाराचा वास होता आणि मला त्याची एकाएकी शिसारी आली. मी तिच्यासमोर स्टुलावर बसलो आणि सांगितलं. वसंता आला होता, काय म्हणाला, मी काय म्हणालो, सगळं. तिने तेलाची वाटी बाजूला ठेवली नाही.

"हाव," ती म्हणाली. "मले मालूम हाय."

ती तेल चोळत बोलत होती, जणू कालच्या बाजाराचं सांगते आहे. "मी चक्कीवरून दळन घेऊन येत होती. थो सायकलवरून उतरला. म्हने, तुमचा मधू आज आला तं जमते. मंग तू सायकल काढली. मी म्हटलं, चालला. मायले म्हटलं, दोन भाकरी जास्त टाक, याले यायले उशीर होईन, भुकेला येईन." तिने दुसरा पाय पुढे घेतला. "तू आला, तं धोतरावर धूळ नव्हती. वडनेरच्या सडकेनं गेलेला मानूस बिनधुळीचा येत नाई."

"मग तू कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलू?" ती म्हणाली. "तू जेवत होता."

खरं आहे. त्या संध्याकाळी मला चांगली भूक लागली होती. त्या जास्तीच्या दोन्ही भाकरी मी खाल्ल्या, आणि त्या तिनेच वाढल्या.